एकाच हाताची दोन बिले : सोलापुरातील एका अनुवाद-सेवेचे परीक्षण

गेल्या दीड वर्षात मी एकाच अनुवादिकेकडून दोन वेगळ्या नात्यांनी काम करून घेतले. दिवसभर मी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्याचा खरेदी विभाग सांभाळतो. संध्याकाळी पूर्व भागातील एका लहान सार्वजनिक वाचनालयात कार्यवाह म्हणून बसतो. कारखान्याच्या कामासाठी बाईंनी शब्दाला तीन रुपये घेतले आणि वाचनालयाच्या कामासाठी दीड रुपया. दुसरा दर कळला तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला विचार असा होता, की आपल्या कारखान्याकडून दुप्पट पैसे घेतले गेले. हा विचार फार दिवस टिकला नाही. तो का टिकला नाही, आणि तरीही या सेवेच्या दरपत्रकात मला कोणती गोष्ट खटकते, हे नीट मांडावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

बाईंचे नाव येथे लिहिलेले नाही, कारण तशी त्यांचीच विनंती आहे. सवलतीच्या कामाची त्यांची मर्यादा ठरलेली असून ती पुढचे अनेक महिने भरलेली आहे. नाव जाहीर झाल्यास ज्यांना नकार द्यावा लागेल अशांचीच संख्या वाढेल, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते मला पटते. एवढे सांगता येईल, की त्या पूर्वी शाळेत तेलुगू शिकवत असत, म्हणून आमच्या भागात लहानथोर सारेच त्यांना ‘बाई’ म्हणतात. आता त्या मराठी, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषांमधील अनुवाद आणि त्याची अक्षरजुळणी अशी दोन्ही कामे स्वतंत्रपणे करतात. अशोक चौकाच्या बाजूला पहिल्या मजल्यावर त्यांची एक खोली आहे. तेथे एक संगणक, एक प्रिंटर, कोशांनी भरलेले एक कपाट आणि येणाऱ्याला बसल्या जागेवरून वाचता येईल असा दरफलक आहे.

सोलापूरबाहेरच्या वाचकाला या चार भाषांचे कारण सांगायला हवे. येथील कापड व्यवसाय ज्यांच्या हातांवर उभा राहिला त्या पद्मशाली विणकरांची बोली तेलुगू आहे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड घरोघरी बोलली जाते. कोर्टकचेरी आणि सरकारदरबार मराठीत चालतो, आणि चादर-टॉवेल परदेशी जाऊ लागल्यापासून खरेदीदारांची कागदपत्रे इंग्रजीत येतात. एकाच घरातील आजीचे पत्र तेलुगूत, मामाचा दाखला कन्नडमध्ये आणि मुलाचे नेमणूकपत्र इंग्रजीत, ही आमच्याकडे रोजची गोष्ट आहे. अनुवादकाकडे येथे कारखानदार येतो, वकील येतो, संस्था येते आणि ज्याला एक पान वाचून हवे आहे असा कामगारही येतो. त्यामुळे कोणाकडून किती घ्यायचे हा प्रश्न या व्यवसायात पहिल्याच दिवशी समोर उभा राहतो.

प्रथम कारखान्याच्या कामाविषयी. परदेशी खरेदीदार माल घेण्यापूर्वी आपली आचारसंहिता पाठवतात. कामाचे तास, ओव्हरटाइम, बालमजुरीवरील बंदी, आगीपासूनची सुरक्षा, तक्रार कोठे करायची, असे नियम त्यात असतात आणि ते कामगारांना समजेल अशा भाषेत कारखान्यात लावावेत अशी अट असते. आमच्याकडे आलेला मजकूर सुमारे ६,१०० शब्दांचा होता. तो मराठी आणि तेलुगू अशा दोन्ही भाषांत करून घेण्याचे ठरले होते. म्हणजे शब्दाला तीन रुपयांप्रमाणे ३६,६०० रुपयांचे काम होते. बाईंनी ईमेलवर मजकूर वाचला आणि काम स्वीकारण्याऐवजी दोन प्रश्न विचारले. या मजकुरातील किती भाग कामगारांसाठी आहे आणि किती व्यवस्थापनासाठी, हा पहिला. तुमचे तेलुगू बोलणारे कामगार तेलुगू लिपी वाचतात का, हा दुसरा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला विभागात जाऊन शोधावे लागले. घरी तेलुगू बोलणारे आमचे बहुतेक कामगार मराठी शाळेत शिकलेले निघाले. त्यांना तेलुगू ऐकलेले कळते, पण भिंतीवरचे वाचता येते ते मराठीच. बाईंनी मग असे सुचवले, की साध्या मराठीत फलक लावा आणि तेलुगूत तो एकदा शिफ्टच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवा. त्यासाठी वेगळ्या लेखी अनुवादाची गरज नाही. व्यवस्थापनासाठी असलेला भागही वगळला गेला. शेवटी ४,८०० शब्दांचे एकाच भाषेतील काम झाले आणि बिल आले १४,४०० रुपयांचे. ज्या व्यक्तीवर मी दुप्पट दर लावल्याचा संशय घेतला, तिनेच आधी स्वतःचे बावीस हजारांहून अधिक रुपयांचे काम कमी करून दिले होते, हे मला पुढे विसरता आले नाही.

अनुवादाचा दर्जा उत्तम होता आणि तो कशामुळे उत्तम होता हे सांगण्यासारखे आहे. ‘अतिकालिक काम’ असा शब्द कोशात असला तरी आमच्या कारखान्यात कोणीही तो उच्चारत नाही. तेथे ‘ओव्हरटाइम’ असाच शब्द ठेवला होता. ‘हजेरी’, ‘रजा’, ‘पगाराची चिठ्ठी’, ‘तक्रारपेटी’ हे शब्द कामगारांच्या तोंडचे होते. लैंगिक छळाविषयीच्या कलमात मात्र बोलीचा आधार न घेता, कोणते वर्तन गुन्हा ठरते हे प्रत्येक वाक्यात स्पष्ट लिहिले होते. विभागातील दोन महिला कामगारांना तो भाग वाचून दाखवावा आणि त्यांना काय समजले ते आपल्याला कळवावे, अशी सूचना सोबत होती. त्याप्रमाणे केले, आणि त्यांच्या शंकांवरून दोन वाक्ये बदलली गेली. त्या फेरबदलाचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

काही महिन्यांनी वाचनालयाला पन्नास वर्षे पूर्ण होत असल्याने स्मरणिका काढायचे ठरले. आमच्या काही वृद्ध सभासदांनी आपल्या आठवणी वहीत तेलुगूत लिहून ठेवल्या होत्या. तेलंगणातून आलेली घरे, हातमागाचा खड्डा, धोट्याचा आवाज, फणीत धागा भरणाऱ्या बायका, पुढे आलेले यंत्रमाग, संपाचे दिवस आणि नारळी पौर्णिमेची मार्कंडेय रथयात्रा असे सारे त्यात होते. नातवंडांना ती लिपी वाचता येत नसल्याने या वह्या मराठीत यायला हव्या होत्या. मजकूर सुमारे १८,००० शब्दांचा भरला. त्या कामासाठी मी पहिल्यांदा बाईंच्या खोलीवर गेलो आणि भिंतीवरचा फलक पाहिला.

फलकावर तीन ओळी होत्या. कंपनी, वकील, कार्यालये आणि व्यक्ती यांना शब्दाला तीन रुपये, किमान आकार पाचशे रुपये. नोंदणीकृत सार्वजनिक संस्थांना दीड रुपया, महिन्याच्या ठरलेल्या मर्यादेत. दोन दिवसांच्या आत हवे असलेल्या कामाला दीडपट. याच तीन ओळी कारखान्याला आलेल्या ईमेलसोबतच्या दरपत्रकातही होत्या, हे घरी जाऊन पाहिल्यावर लक्षात आले. मी फक्त आमची ओळ वाचून कागद मंजुरीला पाठवला होता. म्हणजे लपवाछपवी कोठेही नव्हती. तरीही मी खरेदी विभागाचा माणूस असल्याने खोलीवरच स्पष्ट विचारले, की शब्द तोच, मेहनत तीच, मग कारखान्याला दुप्पट का?

बाईंनी वही काढली. पुढचे आकडे त्यांच्या परवानगीने देत आहे, कारण त्यांच्याशिवाय दराविषयीची कोणतीही चर्चा हवेतच राहते. महिन्यात कामाचे बावीस दिवस धरले, तर त्यांतले सात दिवस प्रूफ तपासणे, शंका विचारणे, बिले पाठवणे आणि त्या बिलांचा पाठपुरावा करणे यांत जातात. उरलेल्या पंधरा दिवसांत दिवसाला पंधराशे शब्द, म्हणजे महिन्याला २२,५०० शब्द नीट होतात. त्याहून अधिक केल्यास दर्जा घसरतो. वर्षातले आठ महिने काम भरलेले असते आणि चार महिने निम्मे. पंधरापैकी तीन दिवस सवलतीच्या कामाला दिले, तर सरासरी महिन्याला साधारण ५०,६०० रुपये येतात आणि खोलीचे भाडे, वीज, इंटरनेट, संगणकाची देखभाल व दुसरे प्रूफ वाचणाऱ्या व्यक्तीचे मानधन असे बारा हजार वजा जाता अडतीस हजारांच्या आसपास उरतात. सगळेच काम दीड रुपयाने केले असते, तर हाती सोळा हजार राहिले असते. तीन रुपये हा त्यांचा खरा दर आहे आणि दीड रुपया ही त्यातून दिलेली सूट आहे, एवढे त्यांनी सांगितले आणि वही मिटली.

मी घरी येऊन तोच हिशेब उलट बाजूने मांडला. त्यांनी सवलतीचे काम पूर्णपणे बंद केले आणि उत्पन्न आहे तेवढेच ठेवायचे म्हटले, तर सर्वांना शब्दाला दोन रुपये सत्तर पैसे दर पुरला असता. म्हणजे काटेकोर पाहिले तर आमच्या कारखान्याने दिलेल्या तीन रुपयांतले तीस पैसे वाचनालयासारख्या संस्थांच्या वाट्याला गेले असे म्हणता येते, आणि १४,४०० रुपयांच्या बिलात ही रक्कम १,४४० रुपये होते. पण दुसरा हिशेबही तितकाच खरा आहे. ते तीन दिवस पूर्ण दराने विकले असते, तर बाईंना महिन्याला आणखी ५,६०० रुपये मिळाले असते. ते त्या सोडून देतात. शिवाय याच कामासाठी पुण्याच्या एका एजन्सीचे आमच्याकडे आलेले कोटेशन शब्दाला चार रुपयांचे होते. कारखान्याला बाजारभावापेक्षा कमी दरात चांगले काम मिळाले, दर आधी कळला आणि तो नाकारण्याची मोकळीक होती. अशा वेळी शेजारच्याला आणखी स्वस्त मिळाले म्हणून आपल्यावर अन्याय झाला असे म्हणता येत नाही.

याच्या अगदी उलट अनुभव वाचनालयाने काही वर्षांपूर्वी घेतला आहे. एका मजकुराच्या मांडणीसाठी आम्ही एका डिझायनरकडे गेलो होतो. त्यांनी सुरुवातीला एक रक्कम सांगितली. बोलता बोलता खर्च एक देणगीदार उचलणार आहे हे आमच्या तोंडून निघाले, आणि दुसऱ्या दिवशी आलेल्या कोटेशनमध्ये तीच रक्कम जवळजवळ पावणेदोन पट झाली होती. कामात एक पानही वाढलेले नव्हते. त्यांनाही वेगवेगळ्या ग्राहकांना वेगवेगळे दर लावण्याचा अधिकार आहे असे कोणी म्हणेल, आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. पण माझ्या मते या दोन व्यवहारांत मूलभूत फरक आहे. बाईंचा दर खर्च आणि श्रम यांवरून ठरतो व माणूस पाहून तो खाली येतो. त्या डिझायनरचा दर समोरच्याचा खिसा पाहून वर गेला. पहिल्या व्यवहारातील कारण अधिक पैसे देणाऱ्याच्या तोंडावर सांगता येते. दुसऱ्यातील कारण आम्हाला कधीच सांगितले गेले नाही, आणि सांगितले असते तर आम्ही त्याच क्षणी उठून आलो असतो.

कायद्याचा विषय निघाला म्हणून थोडे त्याविषयी. पाकीटबंद वस्तूवर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. सेवेला तसे बंधन नाही. स्पर्धा अधिनियम, २००२ भेदभावाच्या किमतीला हरकत घेतो तो बाजारावर वर्चस्व असलेल्या उद्योगाच्या बाबतीत, आणि एका खोलीत बसून अनुवाद करणारी व्यक्ती त्या व्याख्येच्या जवळपासही येत नाही. त्याच कायद्याने स्पर्धकांनी संगनमत करून भाव ठरवण्यावर मात्र बंधन घातलेले आहे. त्यामुळे शहरातील सर्व अनुवादकांनी बैठक घेऊन एकच दर ठरवावा, ही आमच्या वाचनालयाच्या समितीतील एका ज्येष्ठांची सूचनाही योग्य नव्हती. डॉक्टरांच्या २००२ सालच्या व्यावसायिक आचारनियमांत आपले शुल्क दवाखान्यात फलकावर लावावे असे म्हटले आहे. अनुवादकाला असा नियम लागू नसताना बाईंनी तो स्वतःहून पाळला, याचे मला विशेष वाटते. तातडीच्या कामाच्या दीडपट दराबद्दल मला आक्षेप नाही. रेल्वेच्या तत्काळ तिकिटाप्रमाणे येथेही पैसे घाईचे आहेत, आणि ती घाई रात्री जागून कोणी तरी पूर्ण करत असते.

दर खाली आणण्याचा प्रयत्न मीही केला होता. खरेदी विभागात वीस वर्षे काढलेल्या माणसाला पहिल्या आकड्याला होकार देणे जमत नाही. सुताचा भाव असो वा खोक्यांचा, घासाघीस करणे हेच माझे काम आहे. कारखान्याच्या वेळी मी फोनवर अडीच रुपयांची मागणी केली तेव्हा बाईंचे उत्तर असे होते, की दर कमी होणार नाही, परंतु तुम्हाला खर्च कमी करायचा असेल तर काम कमी करू. आणि त्यातूनच पुढे ते दोन प्रश्न आले. त्यांचे म्हणणे असे, की मागितले म्हणून सूट दिली तर ती जोराने बोलणाऱ्यालाच मिळते. जो संकोचाने आकडा ऐकून पैसे मोजतो त्याच्याकडून अधिक घेतले जातात, आणि बहुधा त्यालाच पैशांची अधिक गरज असते. माझ्या व्यवसायाच्या संपूर्ण सवयीविरुद्ध जाणारा हा विचार मी तेव्हा मुकाट्याने ऐकला. आता तो मला खरा वाटतो. एकट्याने काम करणाऱ्या व्यावसायिकाच्या दरातील घासाघीस आणि सुताच्या गाठींच्या भावातील घासाघीस या सारख्या गोष्टी नाहीत, कारण पहिलीत समोरच्या माणसाचे दिवस मोजले जात असतात.

वाचनालयाच्या कामाचा दर्जा कसा होता, हा या परीक्षणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, कारण सवलतीचा दर लावून काम उरकले असते तर वरची सगळी चर्चा निरर्थक ठरली असती. आमच्या १८,००० शब्दांना कारखान्याच्या मजकुराप्रमाणेच दोन प्रुफे मिळाली. एका आजोबांच्या वहीतील मागाच्या एका भागाचे नाव कोणत्याच कोशात सापडेना, तेव्हा बाईंनी स्वतः आजोबांच्या घरी जाऊन त्यांच्याकडून त्या भागाचे चित्र जमिनीवर खडूने काढून घेतले आणि मगच त्याला मराठी शब्द दिला. मूळ लिखाणात जेथे तेलुगू म्हण होती तेथे मराठी म्हण बसवण्याचा मोह त्यांनी टाळला आणि अर्थ साध्या वाक्यात दिला. जुन्या फॉन्टमधील काही मराठी लेख युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे तुटली होती, ती त्यांनी ओळीओळीने दुरुस्त केली. दोन्ही कामे शेजारी ठेवून पाहिली, तरी अर्ध्या दराचे काम कोणते हे कोणालाही ओळखता येणार नाही.

बिलाची पद्धतही नमूद करण्यासारखी आहे. वाचनालयाच्या बिलावर प्रथम पूर्ण दराने ५४,००० रुपये लिहिले होते, त्याखाली संस्थेसाठी सवलत २७,००० रुपये वजा दाखवली होती आणि शेवटी देय रक्कम २७,००० रुपये. समितीच्या बैठकीत हे बिल वाचले गेले तेव्हा अनुवादाला एवढे पैसे पडतात हे अनेकांना पहिल्यांदा कळले. नुसते सत्तावीस हजार लिहिले असते, तर तोच या कामाचा भाव आहे असे समजून आम्ही पुढच्या अनुवादकाकडून त्याहूनही कमी दराची अपेक्षा केली असती. एकाची उदारता दुसऱ्याच्या पोटावर येऊ नये यासाठी एवढी एक ओळ पुरते, आणि ती लिहिणारे व्यावसायिक मी फार थोडे पाहिले आहेत.

पैसे देण्याच्या बाबतीत मात्र दोष आमच्या बाजूचा आहे आणि तो सांगितल्याशिवाय हे परीक्षण प्रामाणिक होणार नाही. वाचनालयाने बिल पंधरा दिवसांत दिले. मी नोकरी करतो त्या कारखान्याने सत्तर दिवस लावले. बाईंच्या बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक छापलेला होता. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ प्रमाणे अशा नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागू होते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरातही अशी तरतूद आली, की मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाही; आमच्या लेखा विभागाला बिलाची आठवण झाली ती मार्च जवळ आल्यावर, याच कारणाने. बाईंनी व्याज मागितले नाही. मोठ्या ग्राहकाकडे व्याज मागणारा छोटा व्यावसायिक पुढचे काम गमावतो, हे आम्ही दोघेही जाणून होतो. दर अधिक देणारा ग्राहक पैसे उशिरा देतो आणि कमी देणारा वेळेवर देतो, तेव्हा त्या तीन रुपयांतले काही पैसे या वाट पाहण्याचेच असतात. मी त्यानंतर अशा बिलांसाठी आमच्याकडे वेगळी फाईल ठेवली आहे आणि तिच्यावर मुदतीची तारीख ठळक अक्षरांत लिहितो.

आता उणिवा. पहिली वेळेची. सवलतीच्या कामाला महिन्यातले तीन दिवस, म्हणजे ४,५०० शब्द, आणि त्यातला निम्मा वाटा दुसऱ्या एका संस्थेला आधीच दिलेला. त्यामुळे आमच्या वाट्याला महिन्याला २,२५० शब्द आले आणि स्मरणिकेला आठ महिने लागणार हे आरंभीच ठरले होते. प्रत्यक्षात नऊ लागले, आणि एक महिना घसरणार असल्याचे आम्हाला आम्ही विचारल्यावर कळले. हे आपणहून कळवायला हवे होते. ज्यांना ठरावीक समारंभाच्या तारखेला छापील अंक हातात हवा आहे, त्यांनी सवलतीच्या दराच्या मागे लागू नये.

दुसरी उणीव फलकातच आहे आणि ती मला अधिक गंभीर वाटते. एका संध्याकाळी मी प्रुफे घेऊन बसलो असताना एक विडी कामगार महिला मुलीचा कन्नड शाळेतला दाखला मराठीत करून घ्यायला आली. एका पानाचा, जेमतेम अडीचशे शब्दांचा मजकूर. फलकाप्रमाणे ती ‘व्यक्ती’ या ओळीत बसत होती, आणि शब्दाला तीन रुपयांप्रमाणे साडेसातशे रुपये होत होते. तिने पदराच्या गाठीतून पैसे काढून मोजले. हजार विड्या वळल्या की मजुरी असा जिचा हिशेब, तिला साडेसातशे रुपये म्हणजे किती विड्या, हे सोलापुरात कोणाला सांगावे लागत नाही. त्याच आठवड्यात मोठी इमारत आणि भरभक्कम शुल्क असलेल्या एका शैक्षणिक संस्थेचे माहितीपत्रक केवळ ती नोंदणीकृत संस्था आहे म्हणून अर्ध्या दराने झाले होते.

मी त्या दिवशी काही बोललो नाही, पण पुढच्या भेटीत हे बाईंसमोर ठेवले. त्यांचे उत्तर विचारपूर्वक होते. संस्थेकडे नोंदणीचे प्रमाणपत्र मागता येते. समोर बसलेल्या महिलेला तिची गरिबी सिद्ध करायला सांगणे आपल्याला जमत नाही, आणि पेहराव पाहून दर ठरवला तर तो खिसा पाहून दर ठरवण्यासारखाच झाला, असे त्या म्हणाल्या. आक्षेप खरा आहे, परंतु त्यावर मार्ग नाही असे मला वाटत नाही. आपल्या राज्यात शिधापत्रिकेचा रंगच पुरेसा बोलतो आणि विडी कामगारांकडे कामगार कल्याण विभागाचे ओळखपत्र असते. ‘पिवळी शिधापत्रिका अथवा कामगार ओळखपत्र दाखवल्यास निम्मा दर, किमान आकार नाही’ अशी चौथी ओळ फलकावर लिहिली, तर कोणालाही काहीही विचारावे लागणार नाही. ज्याला दाखवायचे तो दाखवील. संस्थांच्या बाबतीतही नुसती नोंदणी पाहण्यापेक्षा धर्मादाय आयुक्तांकडे दाखल केलेला मागील वर्षाचा ताळेबंद मागावा. आमच्यासारख्या वाचनालयाला तो द्यायला दोन मिनिटे लागतात, आणि ज्या संस्थेला तो दाखवण्याची इच्छा नसेल तिने पूर्ण दर द्यावा.

बाईंनी सूचना लिहून घेतली, पण फलक लगेच बदलला नाही. तो वर्षातून एकदाच, एप्रिलमध्ये बदलायचा असा त्यांचा नियम आहे, कारण मध्येच बदलला तर काल आलेल्याने अधिक आणि आज आलेल्याने कमी दिल्यासारखे होते. शिवाय सवलतीचे तीन दिवस चार करणे त्यांना परवडणार नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. चौथी ओळ आली तर तिच्यासाठीची जागा आधीच्या सवलतवाल्यांनीच सोडायला हवी.

हे मी समितीच्या बैठकीत मांडले. आठवणींच्या उरलेल्या वह्यांचा दुसरा भाग आम्हाला काढायचा आहे आणि तोही साधारण १८,००० शब्दांचाच होईल. आमच्या वाट्याच्या २,२५० शब्दांपैकी २५० शब्द, म्हणजे एका दाखल्याएवढी जागा, दरमहा सोडून द्यावी असे एप्रिलसाठी ठरले आहे. त्यामुळे दुसरा भाग आठ महिन्यांऐवजी नऊ महिन्यांत होईल, आणि तसे सभासदांना आधीच लेखी कळवले आहे.